खाल्लेले अंगी लागणे

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेवर तिलवारा घाट आहे. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेस भरली ती याच परिसरात, आणि १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही अंश याच पाण्यात विसर्जित झाला. परंतु भोवतालच्या खेड्यापाड्यांतील माणसांना हा घाट परिचित आहे तो मकरसंक्रांतीच्या मेळ्यामुळे. पौषातल्या थंडीत स्नान करावे, तिळाचे दान द्यावे, तीळगूळ तोंडात टाकावा आणि घरी परतावे, असा तेथील शिरस्ता आहे. जबलपुरात पिढ्यान्पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. तिळाची महती सांगणाऱ्या धर्मशास्त्राला त्यातील रसायन ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण तिळाचे तेल शेजारच्या बरणीतील दुसऱ्या तेलापेक्षा उशिरा खवट होते, एवढा अनुभव मात्र कोणत्याही घरच्या गृहिणीला होता.

तेल खवट होते म्हणजे हवेतील ऑक्सिजनचा त्याच्या रेणूंशी संयोग होतो. ही क्रिया एकदा सुरू झाली की साखळीसारखी वाढत जाते. बिघडलेला एक रेणू शेजारच्याला बिघडवतो, तो तिसऱ्याला. तिळात सेसमिन, सेसमोलिन अशी काही द्रव्ये असतात आणि तेल तापवले की सेसमोलिनपासून सेसमॉल नावाचे द्रव्य उत्पन्न होते. हे द्रव्य त्या साखळीच्या मध्ये उभे राहते, ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेते आणि साखळी तोडते. अशा द्रव्यांना शास्त्रात अँटिऑक्सिडंट, मराठीत प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. वनस्पतींनी ती माणसासाठी तयार केलेली नाहीत, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. दिवसभर उन्हात उभे राहून प्रकाशाशी व्यवहार करणाऱ्या झाडाला स्वतःच्या पेशी जळू न देण्यासाठी ती लागतात. जांभळाचा जांभळा रंग, टोमॅटोचा तांबडा, कांद्याच्या पापुद्र्यातील क्वेरसेटिन आणि हळदीचा पिवळा रंग, ही सारी याच कुळातली.

मनुष्याच्या शरीरातही ऑक्सिजनचा असाच उपद्रव चालू असतो. १९५६ साली अमेरिकेतील डेन्हॅम हार्मन यांनी असे प्रतिपादन केले की, वार्धक्याचे एक मूळ या अस्थिर, अर्धवट रेणूंच्या माऱ्यात असावे. तेव्हापासून एक सरळ दिसणारा तर्क लोकांच्या मनात घर करून बसला आहे: जे द्रव्य बाटलीतले तेल राखते, ते पोटात घेतले तर शरीरही राखील. हा तर्क सुबक आहे, परंतु बाटली आणि शरीर यांत एक मोठा फरक आहे. बाटलीत द्रव्य टाकले की ते तेलात असतेच. शरीरात मात्र तोंडात टाकलेले द्रव्य रक्तात पोचण्यापूर्वी जठर, आतडे आणि यकृत अशा तीन नाक्यांवरून जावे लागते. मराठीत अन्न 'अंगी लागणे' असा जो सुंदर शब्दप्रयोग आहे, त्यात खाणे आणि लाभणे या दोन भिन्न गोष्टी आहेत याची जाणीव आधीच आहे.

हळदीचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. तिच्यातील पिवळे द्रव्य, म्हणजे कुर्क्युमिन, फ्रान्समध्ये १८१५ साली वेगळे करण्यात आले. त्याची रचना १९१० साली उलगडली. आणि ते प्रतिऑक्सिडीकारक आहे असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. वाळलेल्या हळदीत ते सामान्यतः शेकडा दोन ते पाच भाग असते. परीक्षानळीत त्याचे गुण इतके नाना प्रकारचे दिसले की, जगभर त्यावर हजारो निबंध लिहिले गेले. मग माणसांवर प्रयोग झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ निरोगी स्वयंसेवकांना ५०० मिलिग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत चढत्या मात्रांनी कुर्क्युमिन देण्यात आले. आठ ग्रॅमपर्यंतच्या मात्रा घेतलेल्या कोणाच्याही रक्तात ते सापडले नाही. दहा व बारा ग्रॅम घेतलेल्यांपैकी केवळ दोघांच्या रक्तात ते अत्यल्प प्रमाणात आढळले. आठ ग्रॅम कुर्क्युमिन म्हणजे साधारणपणे पाव किलो हळद. कोणत्याही स्वयंपाकघराने एका माणसाच्या ताटात ती कधी घातलेली नाही.

असे का व्हावे? पहिली अडचण अशी की, कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्याच्या अस्तराला भिडावयाचे तर आधी विरघळावे लागते. दुसरी अशी की, ते अल्कलीकडे झुकलेल्या पाण्यात टिकत नाही. जठरातल्या आम्लात ते सुरक्षित असते. परंतु लहान आतड्याइतक्या आम्लतेच्या साध्या द्रावणात ठेवले, तर अर्ध्या तासात त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग मोडून जातो. तिसरी अडचण सर्वांत बलवत्तर आहे. आतड्यातून जे शोषले जाते ते सरळ हृदयाकडे जात नाही. एका स्वतंत्र शिरेने ते आधी यकृताकडे नेले जाते. आतड्याच्या पेशी आणि यकृत अशा परक्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्लाचे किंवा सल्फेटचे शेपूट जोडतात आणि त्यास पाण्यात विरघळणारे, म्हणजेच बाहेर टाकण्याजोगे करून सोडतात. औषधशास्त्राच्या पुस्तकांत या घटनेचे वर्णन बहुधा 'नुकसान' या शब्दाने केलेले असते. यकृताला कोणी मत विचारले तर तो शब्द त्याला मान्य होणार नाही. विषारी पानांच्या आणि कंदांच्या या जगात त्याच नाकेदाराने माणसाला जिवंत ठेवले आहे.

जखमेवर लावलेल्या हळदीला यातला एकही नाका लागत नाही, ही गोष्ट येथे सांगून ठेवण्यासारखी आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करवले. त्या विजयाचा अभिमान सार्थ आहे. परंतु तो लेपाचा विजय होता. पोटात घेतलेल्या हळदीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

पोटाचा प्रश्न सोडवण्याचा एक उपाय भारतातूनच पुढे आला. सुंठ, मिरे आणि पिंपळी यांचे त्रिकटू आयुर्वेदातील असंख्य योगांत का येते, याचा विचार जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांचे सहकारी यांनी केला व मिऱ्यातील आणि पिंपळीतील पिपरीन हे द्रव्य इतर औषधांचे शोषण वाढवते असे दाखवले. पुढे १९९८ साली बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दोन ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर केवळ २० मिलिग्रॅम पिपरीन देऊन पाहिले. माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा आज जगातील अक्षरशः हजारो बाटल्यांवर छापलेला असतो. टक्केवारीची एक गंमत मात्र बाटलीवर छापत नाहीत: मूळ मात्राच जवळजवळ शून्य असेल, तर तिच्या वीसपटीनेही फार काही होत नाही. दहा पैशांचे दोन रुपये झाले तरी धान्य विकत घेता येत नाही. शिवाय पिपरीन कुर्क्युमिनला पंख लावत नाही. ते नाकेदाराला काही काळ झोपवते. त्या झोपेत दुसरे काय काय आत शिरते, या प्रश्नाकडे पुढे यावेच लागेल.

दुसरा उपाय म्हणजे नियंत्रित मोचन, द्रव्य एकदम न सोडता हवे तेथे, हवे तितके आणि हव्या त्या गतीने सोडणे. तिलवाऱ्याच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज पडू नये. घाटाच्या वर नर्मदेवर बरगीचे धरण आहे. पावसाळ्यात धरण भरत आले की त्याच्या २१ दरवाजांपैकी काही उघडले जातात. आधी सूचना दिली जाते आणि काही तासांत तिलवाऱ्याच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. ते पाणी शेताच्या कामाचे नसते, ते भडोचच्या वाटेने समुद्रात जाते. हिवाळ्यात कालव्याने संथपणे सोडलेले पाणी मात्र गव्हाच्या मुळाशी पोचते. (या धरणाची किंमत १६२ गावांनी दिली, तो वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे.) एकाच वेळी गिळलेली औषधाची मात्रा ही दरवाजे उघडल्यासारखी असते: रक्तात एक उंच लाट येते आणि ओसरते.

औषधनिर्मितीत या कल्पनेचे पहिले यशस्वी व्यापारी रूप १९५२ साली आले. एका कुपीत शेकडो बारीक दाणे, प्रत्येकावर मेणासारखे कमीअधिक जाडीचे आवरण. पातळ आवरणाचे दाणे आधी विरघळत, जाड आवरणाचे नंतर. १९६१ साली ताकेरू हिगुची यांनी मलमासारख्या थरातून औषध किती वेगाने सुटते याचे गणित मांडले. सुटलेले द्रव्य वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिल्या तासात एक भाग बाहेर पडला, तर दोन भाग बाहेर पडण्यास चार तास लागतात आणि तीन भागांस नऊ. वरवरचे द्रव्य पटकन सुटते, खोलवरच्याला बाहेर येण्याची वाट लांबत जाते. आजही एखादी गोळी तयार करणारा विद्यार्थी आपला आलेख प्रथम याच नियमाशी ताडून पाहतो.

मोचन संथ केल्याने शोषण का वाढावे, हे क जीवनसत्त्वाच्या उदाहरणाने चांगले कळते. आवळ्यातले किंवा पेरूतले हे जीवनसत्त्व आतड्याच्या भिंतीतून स्वतःहून झिरपत नाही. त्याला आत नेणारे विशिष्ट वाहक रेणू असतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. १९९६ साली अमेरिकेत झालेल्या काटेकोर प्रयोगांत असे दिसले की, २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा जवळजवळ सगळी शोषली जाते, पण १,२५० मिलिग्रॅमच्या मात्रेतील निम्म्याहून थोडे कमीच शोषले जाते. नावाड्यांची संख्या ठरलेली असताना सगळी जत्रा एकाच वेळी काठावर लोटली, तर बरीच माणसे अलीकडच्या तीरावरच राहावयाची. तीच माणसे दिवसभर थोडी थोडी आली तर सारी पलीकडे जातात. येथे नियंत्रित मोचनाचा उपयोग निर्विवाद आहे. आणि जेवणाबरोबर चघळलेला आवळा हेच काम फुकट करतो, हेही तितकेच निर्विवाद आहे.

कुर्क्युमिनच्या बाबतीत हिशेब इतका सोपा नाही. लहान आतड्यातून अन्न सरासरी तीन-चार तासांत पुढे जाते. बारा तास हळूहळू विरघळणारी गोळी केली, तर तिचा मोठा भाग मोठ्या आतड्यात जाऊन सुटणार. म्हणून गोळीला जठरातच थांबवून धरण्याच्या युक्त्या निघाल्या. एका प्रकारात गोळीत खाण्याचा सोडा आणि फुगणारे बहुवारिक घालतात. जठरातील आम्लाने वायू तयार होतो, तो फुगलेल्या चिकट थरात अडकतो आणि गोळी नर्मदेत सोडलेल्या द्रोणातील दिव्याप्रमाणे तरंगत राहते. दुसऱ्या प्रकारात झिंग्याच्या कवचापासून मिळणारे चिटोसान वापरतात. त्याचा विद्युत्भार धन असतो आणि आतड्याच्या बुळबुळीत अस्तराचा ऋण, त्यामुळे कण भिंतीला चिकटून राहतात.

पण जे विरघळतच नाही ते संथ सोडून काय साधणार? आधी विद्राव्यता, मग मोचन, असा क्रम येथे भाग पडतो. यासाठी जे द्रव्य सर्वाधिक उपयोगी पडले त्याचा जबलपूरशी जवळचा संबंध आहे. लेसिथिन हा सोयाबीनच्या तेलातून निघणारा मेदपदार्थ आहे. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सख्य करते आणि दुसरे तेलाशी. १९६४ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर जे काम झाले, त्यातून हे पीक मध्य प्रदेशात रुजले आणि पुढे त्या राज्याची ओळखच झाले. या लेसिथिनच्या रेणूंत कुर्क्युमिन गुंडाळले की त्याला आतड्याच्या पेशीची भिंत परकी राहत नाही, कारण ती भिंतही अशाच रेणूंची बनलेली असते. लायपोसोम म्हणून ज्या सूक्ष्म पोकळ पिटिका ओळखल्या जातात आणि ज्यांचे वर्णन १९६५ साली इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, त्याही याच द्रव्याच्या. गरम तुपात हळद परतणारी, हळदीचे दूध साय न काढता देणारी गृहिणी याच तत्त्वाचे ओबडधोबड रूप वापरीत असते. शिजवलेल्या टोमॅटोतला तांबडा रंगही तेलाच्या संगतीने कच्च्यापेक्षा अधिक शोषला जातो.

या मार्गांनी मिळालेले आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०१४ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अतिसूक्ष्म मायसेलांत बसवलेले कुर्क्युमिन साध्या भुकटीच्या सुमारे १८५ पट शोषले गेले. मात्र असे आकडे वाचताना मोजमाप कसे केले, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. पुष्कळ प्रयोगांत रक्ताच्या नमुन्यावर आधी एका एन्झाइमाची प्रक्रिया करतात. यकृताने जोडलेली शेपटे ते तोडून टाकते आणि मग जे मोजले जाते ते सारे कुर्क्युमिन म्हणून लिहिले जाते. वस्तुतः शरीरात ते शेपटासह, म्हणजे बाहेर जाण्याच्या तयारीने फिरत असते. शेपटासह असलेल्या रेणूंत मूळ रेणूचे गुण किती उरतात, हा वादाचा विषय आहे. नाक्यावर पावती फाडून परत पाठवलेल्या गाड्यांची बाजारात आलेल्या गाड्यांत गणना करावी, तसाच हा प्रकार आहे. २०१७ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुर्क्युमिनचा सर्व बाजूंनी आढावा घेऊन त्याच्या औषधी भवितव्याविषयी स्पष्ट शंका व्यक्त केली, त्याचे एक कारण या रेणूची हीच चंचलता होती.

आणि समजा, शोषणाचा प्रश्न पूर्णपणे सुटला, तर? या प्रश्नाचे एक उत्तर फिनलंडने दिलेले आहे. गाजरातील बीटा कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक २९,१३३ पुरुष धूम्रपींवर पाच ते आठ वर्षे तपासण्यात आले. २० मिलिग्रॅमची रोजची गोळी उत्तम शोषली गेली. रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढले. १९९४ साली निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. दोन वर्षांनी अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. गाजरे खाणाऱ्यांवर असा आरोप कोणी केलेला नाही. गाजरातून हळूहळू मिळणारी मात्रा आणि गोळीतून मिळणारी मात्रा यांत केवळ संख्येचा फरक आहे असे मानणे, हीच तेथे चूक झाली.

हळदीच्या बाबतीतही अशा घटनांची नोंद आता होऊ लागली आहे. इटलीत २०१९ साली हळदीच्या पूरक उत्पादनांनंतर यकृतदाह झालेले अनेक रुग्ण आढळले आणि तेथील आरोग्य मंत्रालयाला वेष्टनावर इशारा छापण्यास सांगावे लागले. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीशी संबंधित दहा रुग्णांचे वृत्त दिले. त्यांपैकी एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. आणि तपासता आलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये पिपरीन होते. दहा हा आकडा लहान आहे आणि हळदीची कढी किंवा लोणचे खाणाऱ्यांना त्यातून भिण्याचे काही कारण नाही. स्वयंपाकातल्या हळदीला जी मर्यादा आपोआप पडत होती ती विद्राव्यतेची, यकृताची आणि चवीचीही होती. अधिक हळद कडू लागते. अतिशोषणक्षम कुपी या तिन्ही मर्यादा एकाच वेळी काढून टाकते.

पिपरीनची गोष्ट आणखी सावधपणे पाहण्याजोगी आहे. ते झोपवते तो नाकेदार हळदीपुरता नेमलेला नसतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात पिपरीनने रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरील थिओफिलिन यांचे रक्तातील प्रमाण निरोगी माणसांत वाढवलेले दिसले. हाच परिणाम जाणीवपूर्वक वापरून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी पिपरीनयुक्त कुपी २००९ साली भारतात तयार झाली. जम्मूच्या त्या जुन्या संशोधनाचे ते उत्तम फळ म्हटले पाहिजे. फरक एवढाच की, तेथे मात्रा मोजून कमी केली होती. अपस्माराचे किंवा रक्त पातळ ठेवण्याचे औषध नियमाने घेणारा मनुष्य 'शोषण वीसपट' असे लिहिलेली कुपी दुकानातून आणतो, तेव्हा त्याच्या औषधाची मात्रा कोणीच कमी केलेली नसते. ही कुपी भारतात अन्नपूरक म्हणून विकली जाते, तिला औषधाच्या चिठ्ठीची गरज पडत नाही, आणि डॉक्टरने 'काय काय औषधे घेता?' असे विचारल्यावर रुग्ण तिचे नाव घेत नाही. हळदीला औषध म्हणावे असे त्याच्या मनातही येत नाही.